बुलेटची भरलेली पिशवी

"त्याला लघवी होतच नाहीये, म्हणून ती गळतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सांगलीच्या दवाखान्यातल्या स्टीलच्या टेबलावर आमचा बुलेट आडवा पडला होता. तोंडाकडून मी धरलं होतं, मागून ह्यांनी. बाईंनी त्याच्या पोटाखालून हात घातला, चाचपून पाहिलं, मग माझा हात धरून तिथं ठेवला. आत नारळाएवढं काहीतरी गच्च लागलं. मला वाटलं गाठ. त्या म्हणाल्या, गाठ नाही, ही लघवीची पिशवी आहे आणि काठोकाठ भरली आहे. गच्चीवरची टाकी भरली की वरच्या पाइपातून पाणी सांडत राहतं, तसं ह्याचं सांडतंय. ओव्हरफ्लो इन्कॉन्टिनन्स असं त्याचं नाव, म्हणजे भरून वाहणं. त्याची पिशवी आपणहून रिकामी होईनाशी झाली होती आणि आम्ही समजत होतो की त्याला जास्त होतेय.

त्याच्या कमरेला मी शिवलेला लंगोट होता. चॉकलेटी अस्तराचा, आत जुन्या टॉवेलच्या घड्या, बाजूला वेलक्रो. बाईंनी तो सोडून ठेवला आणि कुणी शिवला म्हणून विचारलं. मी शिवला म्हटल्यावर शिवण चांगली आहे म्हणाल्या. मी मान हलवली. समोरच्या भिंतीवर कुत्र्यांच्या जातींचा तक्ता होता. त्यात आपला कारवानी कुठं आहे ते मी शोधत राहिले. तो नव्हता.

त्या वेळी काय वाटलं, असं नंतर पुष्कळ जणींनी विचारलं. खरं सांगते, काही वाटलं नाही. अशा गोष्टींत पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी जागच्या जागी होती. मशीनवर एक ब्लाउज अर्धा राहिलाय आणि त्याचे हूक लावायचेत, एवढंच डोक्यात होतं. हा बधिरपणा पुढं खूप दिवस टिकला, म्हणून आधीच सांगून ठेवते. तुमचंही असं झालं तर आपण दगडाचे झालो असं समजू नका.

आमचं गाव इस्लामपूरपासून जवळच. ऊस आहे, दोन म्हशी आहेत, आणि मी घरी शिवणकाम करते. आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, पण गावात सगळे त्यांना मेजरच म्हणतात. मुलगा सूरज त्यांच्याच वाटेनं गेला. शाळेत असताना एकदा मित्राबरोबर तो जतला गेला होता आणि एका मेंढपाळाकडून हे पिल्लू शर्टात घालून घेऊन आला. त्या वयात त्याला मोटरसायकलचं वेड होतं, ती काही मिळणार नव्हती, म्हणून कुत्र्याचं नाव बुलेट. पिल्लू मोठं झालं तसं लांब पायांचं, बारीक कमरेचं झालं आणि खरंच त्या नावासारखं पळायला लागलं. सूरज भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावायचा तेव्हा बुलेट पुढं आणि हा मागं असायचा. भरती झाल्यावर ह्यांनी सगळ्या गावाला सांगितलं की पोराला कुत्र्यानं ट्रेनिंग दिलं.

सूरज फौजेत गेल्यावर बुलेट आमचा झाला. आता तो म्हातारा होता. तोंड पांढरं पडलेलं, मागचे पाय उठताना थोडे घसरायचे.

पहिल्यांदा दिसलं ते गोणपाटावरचा ओला डाग. मग फरशीवर थेंब. मग तो चालला की मागं ठिपक्यांची ओळ. म्हातारपण म्हटलं की गळायचंच, असं शेजारच्या काकू म्हणाल्या आणि आम्हालाही ते पटलं. तो उभा राहायचा, पाय उचलायचा, बराच वेळ उचलून धरायचा आणि चार थेंब टाकून निघून जायचा. ते चारच थेंब का, हा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यात आला नाही. आम्ही ओलं किती झालं तेवढंच बघत होतो.

मी माप घेऊन लंगोट शिवले. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून चांगले पाच-सहा झाले, एकाला तर काठही लावला. गल्लीतल्या बायका हसायच्या, वहिनी आता कुत्र्याचं माप घ्यायला लागल्या म्हणून. ह्यांनी त्यांच्या परीनं हातभार लावला. साताऱ्याला मिलिटरी कॅंटीनमध्ये गेले होते, तिथून त्यांच्या बाटलीबरोबर लहान बाळांचे डायपर घेऊन आले, आणि शेपटीसाठी भोक पाडायला माझी कापडाची कात्री वापरली. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

आणि आम्ही त्याचं पाणी कमी केलं. हे मुद्दाम लिहिते, कारण जवळजवळ प्रत्येक घरात हेच करतात. पाणी कमी, तर लघवी कमी, असा सरळ हिशेब. संध्याकाळनंतर त्याचं भांडं मी उचलून ठेवायची. तो रिकाम्या जागेशी जाऊन उभा राहायचा आणि माझ्याकडं बघायचा.

पुढं त्यानं खाणं सोडलं. उलटी झाली, अंगात कणकण आली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन बघून गेले आणि म्हणाले, ह्याला सोनोग्राफी लागेल, वेळ न घालवता सांगलीला न्या. शेजाऱ्यांची ओम्नी मागून घेतली, मागची सीट काढली, गोधडी अंथरली आणि निघालो.

पहिल्या दिवशी त्याला कॅथेटर घातला. कॅथेटर म्हणजे लघवीच्या वाटेनं पिशवीपर्यंत घालायची बारीक नळी. नळीतून लघवी आली ती चहासारखी लाल आणि वास असलेली. पिशवीत जंतू झाले होते. त्याला यूटीआय म्हणतात, म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग. लघवी साचून राहिली की तिथं जंतू होतातच, असं बाईंनी सांगितलं. मग रक्त घेतलं, सोनोग्राफी केली, एक्सरे काढला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक आजोबा पिंजऱ्यात पोपट घेऊन बसले होते आणि एक कॉलेजची मुलगी मांजर. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, फक्त पोपट मधूनमधून त्या मांजरीला नमस्कार करत होता.

एक्सरे बाईंनी उजेडावर धरून दाखवला. पाठीचा कणा जिथं कमरेला मिळतो त्या जागेला लंबोसॅक्रल म्हणतात. तिथली फट वयानं अरुंद झाली होती आणि पिशवीकडं जाणाऱ्या नसा दबल्या होत्या. पिशवी भरली हा निरोप मेंदूला पोचत नव्हता, आणि आता रिकामी कर हा हुकूम खाली येत नव्हता. त्यात ती फार दिवस ताणून राहिल्यामुळं ढिली पडली होती. ऑपरेशन पुण्यामुंबईला होतं, पण वय आणि किडनीचा रिपोर्ट बघता त्यांनी तो सल्ला दिला नाही. पिशवी आवळणारी एक गोळी आणि तिचं तोंड सैल करणारी एक गोळी लिहून दिली. आणि म्हणाल्या, "गोळ्यांनी निम्मं काम होईल. उरलेलं तुमच्या हातांनी करायचं आहे."

लघवी हातानं दाबून काढायची. ह्याला ब्लॅडर एक्सप्रेशन म्हणतात. कुत्र्याला उभं करायचं, मागून दोन्ही बाजूंनी पोटाखाली हात घालायचे, बोटं सपाट ठेवायची, पिशवी सापडली की हळूहळू दाब वाढवत शेपटीच्या दिशेनं न्यायचा. नरात हे अवघड, तोंड घट्ट असतं. जोरात दाबलं तर पिशवी फुटू शकते. त्यामुळं वाचून किंवा मोबाइलवर बघून हे करू नका, डॉक्टरांच्या हाताखाली शिका. बाईंनी माझ्या हातांवर त्यांचे हात ठेवून शिकवलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. मग एकदा बोटांखाली ती गच्च वस्तू मऊ पडत गेली आणि टेबलाखालच्या ट्रेमध्ये धार वाजली. बाई म्हणाल्या, आता तुम्हाला आलं. ह्यांनी करून बघितलं, पण त्यांचे हात फावड्याचे आणि त्यात भीतीनं ताठलेले. त्यांना नको म्हणाल्या.

आणि पाणी भरपूर द्या म्हणाल्या. जेवढं पिईल तेवढं. मी घरी आल्या आल्या भांडं भरून ठेवलं. तो उभ्यानं सगळं प्याला आणि पुन्हा माझ्याकडं बघत राहिला. मी पुन्हा भरलं.

मग दिवस त्याच्या पिशवीवर चालायला लागले. सकाळी चहा ठेवायच्या आधी मोरीत नेऊन दाबायचं. दुपारी जेवणाआधी, दिवेलागणीला, आणि झोपताना. लग्नकार्याला गेले तर अर्ध्यातून परत यायचं. माहेरी राहणं बंद. लघवीचा रंग बघायचा, वास बघायचा. लाल किंवा गढूळ दिसली की सांगलीला फोन. लंगोट उकळत्या पाण्यात काढायचे, कातडी लाल झाली तर खोबरेल लावायचं. तो शांत उभा राहायचा. कारवानी कुत्रं तसं मानी असतं, कुणी पोटाला हात लावलेला खपवून घेत नाही. सुरुवातीला तो मान वळवून माझ्या मनगटाशी दात आणायचा. मग त्यानंही सोडून दिलं. मी दाबायची, तो भिंतीकडं बघायचा, मी पण भिंतीकडं बघायची. दोघांचंही लक्ष नसल्यासारखं ते काम व्हायचं.

आता मुख्य गोष्ट सांगते. हे सगळं चालू असताना सूरजला आम्ही काही कळवलं नव्हतं.

आमच्या भागात ही रीत आहे. पोरगा ड्युटीवर असला की घरचं वाईट त्याच्या कानावर घालायचं नाही. म्हैस मेली, छप्पर उडालं, चुलता गेला, सगळं तो सुट्टीवर आला की चहापाणी झाल्यावर सांगायचं. तिकडं रायफल घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं चित्त थाऱ्यावर राहिलं पाहिजे, असं त्यामागचं म्हणणं. माझ्या सासरी हे सगळ्यांनी पाळलंय. ह्यांचे वडील, म्हणजे आबा, गेले तेव्हा हे पोस्टिंगवर होते. घरच्यांनी ठरवून कळवलं नाही. हे सुट्टीवर आले ते आबांसाठी कॅंटीनमधून नवे बूट घेऊन. फाटकातून हाक मारत आले, आबा, पाय पुढं करा. अंगणात सगळे गप्प उभे होते. मी तेव्हा नवी नवरी होते, मला ते अजून दिसतं. ते बूट पुढं ह्यांनीच घालून झिजवले. त्याबद्दल घरात कधी एक शब्द निघाला नाही.

आणि तरीही बुलेटच्या वेळी कळवू नको म्हणणारे हेच होते. ते म्हणाले, कळून तो तिथनं काय करणार? मला पण ते सोयीचं वाटलं. एक गोष्ट कमी बोलावी लागते.

सूरजचा व्हिडिओ कॉल रेंज मिळेल तेव्हा यायचा. आधी माझी विचारपूस, मग ह्यांची, मग बुलेट कुठाय. मी फोन घेऊन बुलेटच्या तोंडाशी धरायची. तोंड चांगलं दिसायचं. कान टवकारायचे, आवाज ओळखून जीभ बाहेर यायची. कमरेचा लंगोट, घसरणारे पाय, मागचं ओलं गोणपाट फोनमध्ये येत नसे. बरा आहे, म्हातारा झालाय, खातोय, असं मी सांगायची. खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

माझ्या मनात एकच हिशेब होता. सूरजची सुट्टी येईपर्यंत हा राहिला पाहिजे. पोरानं त्याला जिवंत बघितलं की मी सुटले. म्हणून मी दाबत होते. बुलेटसाठी नव्हे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण असंच होतं.

सुट्टी पुढं गेली. मग आणखी पुढं गेली. इकडं संसर्ग बरा व्हायचा आणि काही दिवसांनी परत यायचा. औषधं बदलली. एकदा रक्ताचा रिपोर्ट घेऊन बसलो असताना बाईंनी क्रिएटिनिनवर बोट ठेवलं. रक्तातला कचरा किडनी किती साफ करते ते त्यावरून कळतं. ते वाढलं होतं. पिशवीतला दाब इतके दिवस मागं किडनीपर्यंत जात होता. त्या शांतपणे म्हणाल्या की त्याला फार त्रास व्हायला लागला तर युथनेशियाचा विचार करावा लागेल. म्हणजे इंजेक्शन देऊन झोपेतच सोडवणं. आजच नाही, पण घरात बोलून ठेवा.

हे उठून बाहेर गेले आणि ओम्नीत जाऊन बसले. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. चंपाषष्ठीला तळी भरून झाली की आमच्याकडं पहिला घास कुत्र्याला देतात, आणि कित्येक वर्षं तो घास बुलेटच खात आला होता. येताना गाव जवळ आल्यावर हे म्हणाले, "आपल्या घरात कुत्र्याला सुई न्हाई." मी बरं म्हटलं. मी तेव्हा कशालाही बरंच म्हणत होते.

त्यानंतरच्याच एका दुपारी सूरजचा फोन आला. मी मशीनवरून उठले, नेहमीसारखा फोन बुलेटच्या तोंडाशी नेला. बुलेटनं या वेळी मान उचलली नाही, डोळे तेवढे फिरवले.

"आई, किती दिस झालं, तू मला त्येचं तोंडच दाखवतीयास," तो म्हणाला. "फोन मागं घे."

मी घेतला. लंगोट दिसला, बरगड्या दिसल्या, मागचे पाय दिसले. मग हे खुर्चीवरून उठले, माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगायला लागले. पिशवी, कणा, नळी, किडनी, सुई, सगळं. रिपोर्ट वाचावा तसं सरळ सांगितलं. शेवटी म्हणाले, तुला ताप नको म्हणून कळवलं नाही.

सूरज म्हणाला, "पप्पा, आबा गेल्यालं तुमाला कवा कळलं?"

सूरजच्या कानावर ते गावातून कधीतरी आलं असणार, पण इतक्या वर्षांत ह्यांना कुणी हे विचारलं नव्हतं. ह्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "दारात."

"मग मला दारात कळवू नका," सूरज म्हणाला. "माझ्यासाठी त्येला धरून बी ठिवू नका. त्येला जड झालं तर जाऊ द्या. फकस्त मला सांगा."

फोन बंद झाल्यावर हे बाहेर गेले आणि म्हशींच्या गव्हाणीत वैरण टाकली. ती आधीच टाकलेली होती.

त्या दिवसापासून घरातलं वातावरण बदललं, म्हणजे काही आनंदीआनंद झाला नाही, पण बोलणं सुरू झालं. सूरज रोज विचारायला लागला, बुलेटनं केली का, कशी केली. त्याच्या बरॅकमधल्या पोरांनाही कळलं. कुणी पंजाबचा, कुणी केरळचा, ती पण मागून विचारायची. देशाच्या सीमेवर एका कुत्र्याच्या लघवीची इतकी चौकशी कधी झाली नसेल. मी मोरीत दाबत असताना हे फोन धरायचे, आणि धार लागली की तिकडून टाळ्या यायच्या. बुलेट भिंतीकडंच बघायचा, त्याला कौतुक नको होतं.

माझ्यात काय फरक पडला ते मला नीट सांगता येत नाही. हात तेच होते, काम तेच होतं. पण आता कुणाच्या सुट्टीपर्यंत पोचवायचं नव्हतं. एकदा दाबून झाल्यावर मी तशीच मोरीत बसले आणि त्याच्या पाठीला पाठ टेकली. त्याचं अंग गरम होतं. एवढे महिने मी त्याला दिवसातून चारदा हात लावत होते आणि तो गरम आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सुईबद्दल ह्यांनी स्वतः सांगलीला फोन केला. पुन्हा उलट्या सुरू झाल्या तर तुम्ही आमच्या घरी येऊन द्याल का, असं विचारलं. बाई हो म्हणाल्या. खंडोबाचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, त्येला बी दिसतंयच की. ती वेळ आली नाही. ह्यात आमचा शहाणपणा काही नाही, नशिबानं तो निर्णय आम्हाला घ्यावा लागला नाही.

एका सकाळी त्यानं मोरीकडं यायला नकार दिला. अंगणात ऊन आलं होतं, तिथं गोधडीवर आडवा झाला. हे त्याच्या डोक्याशी बसले, मी पोटाशी. मी पोटाला हात लावून बघितला. पिशवी मऊ होती, भरलेली नव्हती, किडनीनं लघवी करणंच थांबवलं होतं. मी वाटीत पाणी आणलं आणि चमच्यानं त्याच्या जिभेवर सोडलं. थोडं गिळलं, थोडं बाजूनं गेलं. मी परत सोडलं. मग एक लांब श्वास आला आणि पुढचा आलाच नाही.

ह्यांनी तिथूनच, त्याच्या डोक्यावरचा हात न उचलता, दुसऱ्या हातानं फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा सूरजच्या मित्रानं उचलला आणि सूरजला बोलावून आणलं.

"सूरज, बुलेट गेला रं," हे म्हणाले. "आत्ताच. मी हाय, तुझी आई हाय."

तिकडं वारा वाजत होता. मग सूरजनं विचारलं, "पाणी पाजलं का त्येला?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पाजलं म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी रडूच आलं. एवढ्या दिवसांचं एकदम. रिकामं भांडं, मी उचलून ठेवायची ते, आणि त्याच्याशी उभा राहिलेला तो, सगळं आलं. "पाजलं," हे म्हणाले. "तुझ्या आईनं पोटभर पाजलं." माझं रडणं सूरजला ऐकू जात होतं, आणि ह्यांनी फोन दूर नेला नाही.

बांधावरच्या शेवग्याखाली त्याला पुरलं, आणि ती जागा सूरजला फोनवर दाखवली.

तुमच्या घरात म्हातारं कुत्रं असेल आणि ते गळायला लागलं असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. ओलं किती झालं हे बघू नका, धार लागते का हे बघा. पोटाला हात लावून बघा. पाणी तोडू नका. लंगोट खुशाल शिवा, पण डॉक्टरांना दाखवून मग. लवकर गेलो असतो तर किडनी वाचली असती का, असं मी बाईंना विचारलं होतं. सांगता येत नाही, म्हणाल्या. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, आणि माझे हात धरून शिकवलं, ह्याबद्दल त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ओम्नी देणारे शेजारी आणि बरॅकमधली ती पोरं, त्यांचेही.

सूरज पुढं सुट्टीवर आला. एसटी फाट्यावर थांबली, तिथून चालत आला. मी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होते, हे फाटकाशी होते. त्यानं पाठीवरची बॅग फाटकात उतरवली, ह्यांच्या पाया पडला, मला हातानं थांब म्हणून खूण केली, आणि घरात न येता सरळ बांधाकडं निघाला. कुणाला हाक मारली नाही, कुणाला काही विचारलं नाही. कुठं जायचं ते त्याला माहीत होतं.

हे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग बॅग उचलून माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मला बी असंच जायचं व्हतं, आबांकडं."

मी ताट खाली ठेवलं आणि त्यांच्या हातातली बॅग घेतली.